उकिरडा तापत का नाही?

आज बोलायचंय तुमच्या परसातल्या खताच्या ढिगाबद्दल. गटाची बैठक शहापूरच्या बाजूला असो नाहीतर मुरबाडच्या, बचतीचा हिशोब आटपला की एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, भात झोडल्यापासून पेंढा टाकतोय, सागाचा पातेरा टाकतोय, वरनं पाणी मारलं. आता उकरून बघितलं तर पेंढा जसाच्या तसा. दुकानात कल्चरची पुडी मिळते ती आणू का?"

पुडी आणायच्या आधी ढिगात हात घालून बघा. आतून गार लागतो ना? मग तो उपाशी आहे.

कुजणं म्हणजे काय, तर डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव तो कचरा खातात. खाताना त्यांची संख्या वाढते आणि त्यांच्या अंगातून ऊब निघते. म्हणून चांगला लागलेला ढीग आतून इतका तापतो की हात ठेववत नाही. या जिवांना जेवायला दोन गोष्टी लागतात. ताकदीसाठी कर्ब, आणि अंग वाढवण्यासाठी नत्र. आपल्या ताटात भात नि डाळ असते तसंच. पेंढा, पातेरा, तूस, लाकडाचा भुसा हा सगळा नुसता भात. डाळ त्यात नावालाच. नुसत्या भातावर लेकरू वाढत नाही, तसे हे जीवही वाढत नाहीत. ढीग पडून राहतो.

शेतीशास्त्रात याचं एक माप आहे. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असेल तर ढीग झटपट कुजतो. भाताच्या पेंढ्यात एका भाग नत्रामागे साठ ते ऐंशी भाग कर्ब असतो, म्हणजे डाळ निम्म्याहून कमी. सुक्या सागाच्या पानाचीही तीच गत, वर ते जाड नि चिवट. लाकडाच्या भुशात तर एकाला तीनशेच्या वर. त्याची भर घालायला निघालात तर पुरवता पुरवता दमाल, तेव्हा भुसा फार टाकूच नका. उलट शेणात एकाला वीसच्या आसपास, हिरव्या कोवळ्या पाल्यात बारा ते वीस, कोंबडीच्या विष्ठेत दहाच्या आसपास. ही झाली डाळ. सुकं आणि ओलं एकमेकांत नीट मिसळलं की ताट भरलं.

आता तुम्ही म्हणाल, शेण तर आम्ही टाकतोच. किती टाकता? गोठ्यात पूर्वी आठ-दहा जनावरं असायची, आता बहुतेक घरांत दोन, नाहीतर एक. तरणी पोरं आसनगाव-वासिंदच्या कारखान्यांत नाहीतर भिवंडीच्या गोदामांत जातात, गुरांमागे कोण जाणार? आहे त्या शेणाच्या शेणी थापायच्या, अंगण सारवायचं, आणि उन्हाळ्यात राब भाजायला न्यायचं. ढिगाच्या वाट्याला उरतं काय?

राबाचं थोडं सांगते, कारण आपल्याकडचं बरंच नत्र तिथंच जातं. मार्चपासून आपण पातेरा गोळा करतो, झाडांचा कवळ तोडतो, शेण पसरतो, वर माती टाकतो आणि पेटवतो. वाडवडील वेडे नव्हते. राबाने तण मरतं, माती भुसभुशीत होते, आवणाच्या वेळी रोपं सहज उपटतात. राखेत पालाश, थोडं स्फुरद, चुना राहतो, तोही रोपाला लागतो. पण नत्र आगीत टिकत नाही. ते धुराबरोबर वर जातं. शेणातलं आणि पाल्यातलं बहुतेक सगळं नत्र आपण मे महिन्यात आकाशात सोडतो, आणि जुलैमध्ये त्याच नत्राची गोणी आणायला रांगेत उभं राहतो. राब एकदम बंद करा असं मी म्हणत नाही. घरातली मोठी माणसं ऐकणारही नाहीत. पण राबाचा वाफा लहान करता येतो, आणि त्यातलं निदान शेण तरी वाचवता येतं. ज्यांनी गादीवाफ्यावर कुजलेलं खत घालून रोप केलंय, त्यांची रोपंसुद्धा सहज निघतात. एका कोपऱ्यात करून बघायला काय जातं?

शेणापेक्षाही मोठी चोरी गोठ्यात होते. जनावराच्या मुतात नत्र जास्त, शेणात कमी. शंभर लिटर मुतात साधारण पाऊण ते एक किलो नत्र धरा. आपल्या गावठी जनावराने दिवसाला पाच लिटर सोडलं असं मानलं, तर दोन बैलांचे वर्षाला साडेतीन हजार लिटरच्या वर झाले. निम्मं रानात चरताना पडलं म्हणून सोडून देऊ. उरलेलं निम्मं रात्री गोठ्यात पडतं. त्यातलं नत्र चौदा ते अठरा किलो होतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोहून थोडं जास्त नत्र असतं. म्हणजे दोन बैलांच्या गोठ्यात दरवर्षी पाऊण गोणी युरिया जमिनीत मुरतोय किंवा वास होऊन उडून जातोय. गोठ्यात शिरलं की नाकाडोळ्यांना झोंबतं ना, ते उडणारं नत्रच असतं.

हे धरून ठेवण्याची युक्ती जुनी आहे आणि तिचं नाव इंदूर पद्धत. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरच्या शेती संशोधन संस्थेत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ, दोघांनी पंचवीस वर्षं बरोबरीने काम केलं. १९३० मध्ये त्या वारल्या. इंदूरच्या खताचं पुस्तक १९३१ साली निघालं, त्यावर हॉवर्डसाहेबांबरोबर यशवंत वाड या आपल्या माणसाचं नाव आहे. त्या पद्धतीत शेणाइतकाच मान गोठ्यातल्या मुतात भिजलेल्या मातीला दिला होता. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची, काही महिन्यांनी वरची भिजलेली माती खणून ढिगात घालायची आणि नवी माती पसरायची. जनावरांखाली काडीकचरा अंथरायचा आणि भिजला की तोही ढिगात. ढीग तीनदा परतायचा, तीन महिन्यांत खत तयार.

आपल्याला यातलं आजपासून करता येण्यासारखं एकच काम पुरे आहे. रोज संध्याकाळी गुरांखाली दोन पाट्या पातेरा नाहीतर वाया गेलेला पेंढा टाकायचा, सकाळी शेणासकट तो उचलून ढिगावर न्यायचा. गोठा कोरडा राहतो, गुरांच्या अंगाला शेण कमी लागतं, आणि ढिगाला आयती डाळ मिळते. ज्यांच्याकडे फरशीचा गोठा आहे त्यांनी उताराच्या टोकाला एक घमेलं पुरावं, त्यात जमलेलं मूत दुप्पट-तिप्पट पाणी घालून ढिगावर शिंपडावं.

गुरंच नाहीत त्यांनी काय करायचं? आपल्या गटांत अशा बाया निम्म्याहून जास्त आहेत. त्यांच्यासाठी पावसाळा आहे. पहिला पाऊस पडला की बांधावर, रस्त्याकडेला, पडीक वरकस जमिनीवर टाकळा उगवतो. कोवळा असताना आपण त्याची भाजी करतो. महिन्याभराने तो गुडघ्याएवढा होतो, मग कुणी विचारत नाही. ते खताचं सोनं आहे. फुलं-शेंगा धरायच्या आत कापायचा. शेंगा धरल्या की बी ढिगात जातं आणि पुढच्या वर्षी तुमच्या भेंडीच्या वाफ्यात टाकळाच टाकळा.

दुसरं गिरिपुष्प. काही जणी त्याला उंदीरमारी म्हणतात. गुलाबी फुलं येणारं, बांधावर फांदी खोवली तरी जगणारं झाड. कोकणात भातशेतीच्या चारसूत्री पद्धतीत याच झाडाचा पाला खाचरात गाडायला सांगतात, म्हणजे आपल्या पट्ट्यात ते नवीन नाही. पाला कोवळा, नत्र भरपूर, पटकन कुजतो. एकदा झाड उभं राहिलं की दरवर्षी दोन-तीनदा छाटा. गटातल्या प्रत्येकीने बांधावर दहा फांद्या खोवल्या तरी दोन वर्षांनी कुणाला पाला मागायला जावं लागणार नाही. खोवायची वेळ पावसाच्या सुरुवातीची, मनगटाएवढ्या जाड फांद्या.

कोंबडीखताबद्दल जपून. आपल्या दोन्ही तालुक्यांत पोल्ट्र्या पुष्कळ, त्यांच्या शेडमधलं तूस मिसळलेलं खत स्वस्तात मिळतं. ते फार तेज. थेट रोपाला घातलं तर रोप जळतं. ढिगात मात्र चांगलं, सुक्या कचऱ्याच्या दहा पाट्यांना एक पाटी पुरे. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर राहिलेली पेंड, करंजाची पेंड, मासळी धुतलेलं पाणी, ताकाचा तळ, भाजीचं देठ, शिळं कालवण, सगळं चालतं. मासळीची डोकी टाकलीत तर ढिगाच्या अगदी पोटात टाका, नाहीतर रात्री कुत्री सगळं उकरून अंगणभर करतील आणि सकाळी सासूबाई तुम्हाला विचारतील.

माप कसं धरायचं? तराजू नको. एक पाटी सैल भरलेला पेंढा किंवा पातेरा, एक पाटी दाबून भरलेला हिरवा पाला. वजनाने हिरवं सुक्याच्या दुप्पट होतं आणि तीसाला एक हे माप जवळपास बसतं. पेंढा वीतभर तोडून घ्या, अख्खी पेंढी टाकू नका. खाली थोड्या काटक्या, म्हणजे तळातून वारा खेळेल. मग सुक्याचा वीतभर थर, वर हिरव्याचा थर, वर शेणकाला शिंपडायचा. एक घमेलं शेण दोन बादल्या पाण्यात कालवलं की चार-पाच थरांना पुरतं. प्रत्येक दोन थरांनंतर पसाभर-पसाभर माती भुरभुरायची. माती उडणारं नत्र धरून ठेवते. ढीग तीन-चार फूट लांब, रुंद, उंच हवा. त्याहून लहान असला तर आतली ऊब टिकत नाही. चुलीतली राख चिमूटभर चालेल, पण पाटीभर राख ताज्या शेणा-मुतावर ओतू नका, राखेने नत्र आणखी लवकर उडतं.

आपल्याकडे टाकीची पद्धतही सगळ्यांना माहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती बसवली, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांच्या भिंतीला भोकं ठेवलेली. तिच्यात १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. थोड्या शेणात पुष्कळ खत, हा तिचा गुण. पण आपल्या भागात बांधलेल्या काही टाक्या वर्षभर तशाच पडलेल्या दिसतात. त्याची दोन कारणं मला दिसतात. एक, नुसता पेंढा भरला, हिरवं काहीच नाही. शंभर किलो शेणातलं नत्र एवढ्या पेंढ्याला पुरत नाही. दुसरं पाणी. मार्च-एप्रिलमध्ये टाकी भरायला दोन हजार लिटर आणायचं कुठून? भातसा, तानसा, वैतरणा आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि आपल्या पाड्यांवर टँकर. धरण उशाला, कोरड घशाला. डोक्यावर हंडा आणणाऱ्या बाईला ढिगावर पाणी ओत असं सांगायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून आपलं वेळापत्रक पाऊस बघून ठरवायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पातेरा गोळा करायचा, पण पेटवायचा नाही. पडवीत, नाहीतर ताडपत्रीखाली रचून ठेवायचा. पाऊस स्थिरावला, आवण आटोपलं, की जुलैच्या शेवटी टाकळा कापून ढीग लावायचा. पाणी आकाशातून येतं, पाला बांधावरून येतो. मात्र आपला पाऊस म्हणजे काय असतो ते माहीत आहे. उघड्या ढिगातलं नत्र पाण्याबरोबर वाहून नाल्याला जातं, ढिगाखालून तपकिरी पाणी निघताना दिसतं ते तेच. तेव्हा खड्डा नको, तो विहीर होऊन बसतो. उंचवट्यावर ढीग आणि वर पेंढ्याचं किंवा फाटक्या ताडपत्रीचं छप्पर. दिवाळीच्या सुमारास खत तयार, म्हणजे भात निघाल्यावर भेंडी, काकडी, वाल लावायच्या वेळेला हाताशी.

ढीग लावल्यावर चौथ्या दिवशी लोखंडी पहार मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी काढून हात लावा. चटका बसला तर जेवण बरोबर आहे. गार असेल तर उकरून बघा. आतला पेंढा कोरडा असेल तर पाणी कमी. ओला आहे पण पिवळाच्या पिवळा, वास कसलाच नाही, तर नत्र कमी. तेव्हा ढीग मोडून मुताचं पाणी, शेणकाला किंवा ताजा पाला मिसळून पुन्हा लावा, नुसतं वरून ओतून पोटात पोचत नाही. नाकाला झोंबणारा वास येत असेल तर उलटं झालंय, नत्र जास्त झालं आणि उडतंय. पेंढा मिसळा. सडक्या अंड्याचा वास येत असेल तर पाणी तुंबलंय, वारा मिळत नाही, ढीग मोकळा करा. दोन आठवड्यांनी एकदा परतायचा, मग महिन्याने, मग आणखी महिन्याने. परतल्यावर पुन्हा तापला तर समजा अजून जेवण चालू आहे.

कल्चरच्या पुडीचं उत्तर राहिलं. ताज्या शेणात कुजवणारे जीव भरपूर असतात. उपाशी ढिगात आणखी खाणारी तोंडं सोडून काय होणार? डाळ दिल्यावर पुडी टाकलीत तर चार-आठ दिवस लवकर कुजेल, एवढंच.

युरिया ढिगात टाकावा का, हेही बऱ्याच जणी विचारतात. चालतो. ऊस पट्ट्यात पाचट कुजवताना टनाला ८ किलो युरिया घालतात. त्या मापाने एक क्विंटल पेंढ्याला ८०० ग्रॅम झाला. पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडायचा, लगेच वर माती किंवा दुसरा थर. हिरवा पाला, शेण, मूत यांतलं काहीच हाताशी नसेल त्या वर्षी हा उपाय वाईट नाही. मात्र ज्या गटांनी सेंद्रिय भाजीचं प्रमाणपत्र घेतलंय किंवा घ्यायला अर्ज केलाय, त्यांनी ढिगातसुद्धा युरिया घालायचा नाही. ढिगातून शेतात गेला तरी तो युरियाच धरतात, आणि तपासणीत एकीमुळे सगळा गट अडकतो.

मग एक बाई सरळ विचारते, आणि तिचा प्रश्न मला आवडतो. "गोणी २६६ रुपयांना मिळते ताई. त्यासाठी मी दोन महिने पाला वाहू?" हिशोब नुसत्या नत्राचा केला तर तिचं बरोबर आहे. सरकार युरियाचा बराचसा खर्च उचलतं म्हणून तो स्वस्त आहे, आणि बाईच्या पाला वाहण्याला कुणी मजुरी धरत नाही. पण आपल्या मुरमाड जमिनीत पाणी घातलं की दुपारपर्यंत वाफा कोरडा. कुजलेलं खत पाणी धरून ठेवतं, ते गोणीतून येत नाही. उन्हाळी भेंडीला दिवसाआड पाणी द्यावं लागत होतं, ते तीन दिवसांनी दिलं तरी भागलं, तर वाचलेल्या खेपा कुणाच्या? त्या बाईच्याच. वाहण्याचं काम मात्र एकटीने करू नये. आवणाला सावड करतो तशी ढिगाला करा. पाच जणी एका दिवशी एकीचा ढीग लावायचा, दुसऱ्या दिवशी दुसरीचा. टाकळा कापणं आणि ढीग परतणं हे घरच्या पुरुषांच्या अंगावर टाकायला हरकत नाही, पहार आणि फावडं त्यांनाही चालवता येतं.

अर्धवट कुजलेलं खत घाईने शेतात घालू नका, हे जाता जाता सांगते. गेल्या हंगामात एका गटाने पेंढा दिसत असलेलं खत भेंडीच्या सरीत भरलं. पंधरा दिवसांत भेंडी पिवळी. सगळ्यांना वाटलं रोग आला, फवारणीचा खर्च झाला. रोग नव्हता. ढिगात अपुरं राहिलेलं जेवण त्या जिवांनी जमिनीत पुरं केलं, आणि त्यासाठी लागणारं नत्र भेंडीच्या मुळांपासून ओढून घेतलं. महिनाभराने आपोआप हिरवी झाली, पण पहिले तोडे गेले, आणि भाव पहिल्या तोड्यांनाच असतो. तयार खत काळपट, मोकळं, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं असतं. मुठीत दाबलं की गोळा होतो, बोट लावलं की फुटतो, आणि पेंढ्याची काडी ओळखू येत नाही. खात्री नसेल तर मूठभर खत डब्यातल्या ओल्या मातीत मिसळून त्यात मेथीचे दहा दाणे पेरा. आठवड्याभरात हिरवीगार उगवली तर शेतात न्या. पिवळी पडली तर ढीग आणखी एकदा परता, आणि यावेळी मुताचं पाणी शिंपडायला विसरू नका.